मशीन नाव घेईना

"नाव त्या कागदावर आहे. पण मोठ्याने वाचू नकोस हां," मणचेकर काका म्हणाले आणि कोर्टाचा हुकूम त्यांनी बोटाच्या टोकाने माझ्याकडे सरकवला.

मला हसूच आलं. भर दुपारचे बारा वाजलेले, बाहेर धक्क्यावर मासळीचा लिलाव ऐन रंगात आलेला, आणि भाटशिरे बंदराच्या नगरपालिकेतला जन्म-मृत्यू विभागाचा हा सत्तावन्न वर्षांचा कारकून माझ्याशी एखाद्या भगतासारखा कुजबुजत होता. मी तेव्हा पंचवीस वर्षांचा. तालुक्याच्या गावी माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं, खिशात स्क्रूड्रायव्हर होता आणि डोक्यात हवा होती. आसपासच्या चार बंदरांतली सरकारी मशीनं माझ्याच हाताखालून जायची, त्यामुळे मी स्वतःला मोठा सर्जन समजायचो.

"काका, मशीनला कान नसतात."

"ते मला शिकवू नकोस. आधी बघ."

कागदावर लिहिलं होतं, काशिनाथ बाबाजी पालशेतकर, धंदा खलाशी. नऊ वर्षं बेपत्ता, सबब मृत समजण्यात यावे.

हा काशिनाथ नारळी पौर्णिमेनंतरच्या पहिल्याच फेरीला एकटा होडी घेऊन गेला होता. तिसऱ्या दिवशी होडी मिळाली. इंजिन बंद, जाळं कोरडं, डब्यातली अर्धी भाकरी खाल्लेली. माणूस नव्हता. मागे राहिल्या दोघी. आई चांगुणाबाय आणि बायको रंजना, लग्नाला तेव्हा जेमतेम दोन वर्षं झालेली. मूलबाळ नाही. रंजना माहेरी गेली नाही आणि म्हातारीनेही तिला जा म्हटलं नाही.

"आता चांगुणाबायनेच तिच्यासाठी स्थळ आणलंय," मणचेकर म्हणाले. "सदानंद म्हणून आहे, बोटीवर इंजिन बघतो. बिजवर आहे, पण माणूस सरळ. कोर्टाच्या पायऱ्या म्हातारीनेच झिजवल्या, स्वतःचे गुडघे धड नसताना. येत्या गुरुवारी देवळात लग्न आहे. त्याच्या बहिणीने सांगितलंय, पहिल्या नवऱ्याचा मृत्यूचा दाखला हातात पडल्याशिवाय हळद लावायची नाही."

"मग द्या की दाखला!"

"कसा देऊ? मशीन नाव घेईना!"

आणि मग त्यांनी सांगितलं. पहिल्यांदा दोघी आल्या तेव्हा नोंद भरून झाली आणि नाव वाचताक्षणी मशीन फटकन बंद होऊन आपोआप पुन्हा सुरू झालं. भरलेलं सगळं गेलं. लाईट गेली असेल म्हणावं, तर डोक्यावरचा पंखा फिरत होता. दोन दिवसांनी दोघी पुन्हा आल्या. पुन्हा तेच, आणि त्याच शब्दाला. मधल्या दोन दिवसांत अकरा जन्म आणि चार मृत्यू विनातक्रार नोंदवले गेले होते.

"दुसऱ्या वेळेला मी घाबरून प्लगच उपटला," मणचेकर म्हणाले. "थोड्या वेळाने परत लावला तर तारीख काय दाखवतोय माहीत आहे? एक जानेवारी दोन हजार दोन."

"त्याच्यातला सेल मेलाय काका. वीज तुटली की मशीन बनवलं त्या सालात जातं. ह्यात काही नाही."

"असेल तसं. पण दोन हजार दोनच्या जानेवारीत काशा जिवंत होता रे. ह्याच खिडकीत उभा राहून त्याने लग्नाचा दाखला नेला होता. रंजना मागे उभी होती, तिने ती तारीख वाचली. तेव्हापासून ती इथे आत पाऊल टाकत नाही."

धक्क्यावर तर एव्हाना बोभाटा झाला होता. काशा मेलेला नाही, म्हणून यंत्र नोंद घेत नाही. कोण म्हणे तो परदेशी बोटीवर आहे, कोण म्हणे त्याचा आत्मा बायकोला सोडायला तयार नाही. हे सगळं रंजनाच्या कानावर जात होतंच.

मी विचारलं, "काका, नाव वाचता कशाला? गपचूप बटण दाबून मोकळं व्हायचं."

मणचेकरांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी खिडकीबाहेर बघायला लागलो. "बत्तीस वर्षं ह्या टेबलावर आहे मी. अंगठा देणाऱ्या माणसाला तो कशावर अंगठा देतोय ते वाचून दाखवल्याशिवाय मी नोंद पक्की केलेली नाही. वहीत नाही केली, मशीनमध्येही नाही करणार."

मी मशीन उचललं आणि दुकानात नेलं.

दुकानात मी जे केलं ते आम्ही सगळेच तेव्हा करायचो. पॉवर सप्लाय बदलला, पंख्यातला धुरळा उडवला, आणि रोग कळला नाही तरी औषध म्हणून फॉरमॅट मारला. त्यांचा प्रोग्राम आणि जुन्या नोंदी परत चढवल्या. मग दोन दिवस मशीन अखंड चालू ठेवलं. हूं नाही की चूं नाही! मधूनमधून मी काशिनाथचं नाव टाइप करून बघायचो. मशीन मुकाट्याने घ्यायचं. सोमवारी सकाळी मी ते ऐटीत घेऊन भाटशिऱ्याला आलो, जागेवर बसवलं आणि मणचेकरांना म्हटलं, "बोलवा त्यांना. तुमचं भूत दुकानातच ठेवून आलोय."

नंतर कितीतरी दिवस ह्या वाक्याची मला लाज वाटायची.

अकराच्या सुमाराला दोघी आल्या. बाकीच्या लोकांचं काम खिडकीतून व्हायचं, पण चांगुणाबायला उभं राहवत नसे, म्हणून मणचेकर तिला आत घेऊन टेबलाच्या उजव्या अंगाला स्टुलावर बसवायचे. म्हातारी काळीसावळी, चिवट अंगाची. मांदेली साफ करता करताच उठून आली होती. हात धुतले होते तरी मनगटापर्यंत बारीक खवले चिकटलेले होते. रंजना दाराच्या चौकटीला टेकून बाहेरच उभी राहिली. बत्तीस-तेहतिशीची बाई, पण दहा दिवस झोप नसल्यासारखा चेहरा.

"ह्यो कोन?" म्हातारीने विचारलं.

"मशीनचा डॉक्टर," मणचेकर म्हणाले.

"बरा झाला का मशीन?"

"ठणठणीत झालंय आजी," मी म्हणालो आणि मणचेकरांच्या मागे जाऊन पडद्याकडे बघत उभा राहिलो.

मणचेकर एका बोटाने टाइप करायचे. एकेक अक्षर शोधून दाबायचे. नोंद पूर्ण व्हायला चांगली दहा मिनिटं लागली. मग त्यांनी चष्मा सारखा केला आणि खणखणीत आवाजात वाचायला घेतलं.

"नोंद देणाऱ्याचे नाव, चांगुणाबाई बाबाजी पालशेतकर. मयताशी नाते, आई. मयताचे नाव, काशिनाथ..."

पडदा काळा झाला.

मशीनचा पंखा उसासा टाकत थांबला. एक क्षण अगदी काहीच नव्हतं. मग आतून 'टिक' असा एक आवाज आला आणि मशीन आपलं आपण पुन्हा सुरू झालं, पहिल्यापासून, जसं काही झालंच नाही. डोक्यावरचा पंखा आपल्या गतीने फिरत होता.

"बघितलंत?" दारातून रंजनाचा आवाज आला. ती रडत नव्हती, ते जास्त वाईट होतं. "आये, उठ. चल घरी. त्यांना नकोय."

"रंजे, मशीनच ता. उद्या परत येवया."

"नाही. तीनदा झालं. आणखी किती वेळा विचारायचं त्यांना? मी सदानंदांकडे निरोप पाठवते, लग्न नको म्हणून."

"आसा बोलू नको गो."

"मग कसं बोलू? उद्या त्या घरात गेले आणि हे दारात येऊन उभे राहिले तर?"

म्हातारी टेबलाचा आधार घेऊन उठली, गुडघे सरळ व्हायची वाट बघत थांबली आणि सुनेच्या मागोमाग निघून गेली. मणचेकरांनी दोन्ही हात कपाळाला लावले. "मी नाही आता हे नाव वाचणार," ते म्हणाले. "दुसऱ्या कोणाची नेमणूक करा म्हणावं." आणि जेवणाचा डबा घेऊन तेही समोरच्या देवळाच्या ओसरीवर जाऊन बसले.

त्या खोलीत मी एकटा राहिलो.

ती खोली म्हणजे पूर्वीचं जकातीचं गोदाम. भिंतीला लागून छतापर्यंत कपाटं आणि त्यांत लाल फडक्यात बांधलेल्या वह्या. डावीकडे जन्म, उजवीकडे मृत्यू. शंभर वर्षांत त्या गावात जे कोणी मेलं, ते सगळे माझ्या उजव्या हाताला बांधून ठेवलेले. इतके दिवस मी तिथे येत होतो, मला हे कधी जाणवलं नव्हतं. लिलाव संपला होता आणि धक्का शांत झाला होता. भरतीचं पाणी मात्र खालच्या दगडांवर चपचप करत होतं.

मी मणचेकरांच्या खुर्चीत बसलो आणि नोंद पुन्हा भरली. नाव टाइप केलं. मशीन शांत. नाव पुसून पुन्हा टाइप केलं. शांत. मग कंटाळून, की स्वतःलाच चिडवायला कोण जाणे, मी ठरवलं की मणचेकर करतात तसंच सगळं करायचं. कोर्टाचा हुकूम टेबलावर उजवीकडे पडला होता. त्यावर वाकून मी मोठ्याने वाचलं.

"मयताचे नाव, काशिनाथ बाबाजी..."

पडदा काळा!

मी घाबरलो, सरळ सांगतो. खुर्ची मागे पडली, ती मी उचललीसुद्धा नाही. व्हरांड्यात जाऊन माठातलं पाणी प्यालो आणि निम्मं शर्टावर सांडलं. आयुष्यात पहिल्यांदा असं वाटलं की खरंच कोणीतरी ऐकतंय. तो डबा, ती अर्धी भाकरी माझ्या डोळ्यांपुढून हलेना. दुकानावर परत जावं आणि सांगावं की मशीन जुनं झालंय, नवीन मागवा. नवीन यायला सहा महिने लागले असते, आणि लग्न तर गुरुवारी होतं. रंजनाचा तो कोरडा चेहरा आठवला. आणि माझं हत्यारांचं पाकीट आतच राहिलं होतं.

ते आणायला म्हणून आत गेलो.

ऊन आता पश्चिमेच्या खिडकीतून तिरकं टेबलावर आलं होतं. टेबलाच्या उजव्या कडेला, सीपीयूच्या अगदी जवळ, काहीतरी चमकत होतं. जवळ जाऊन बघितलं तर माशाचे खवले. तीन-चार वाळलेले, एक अजून ओला. खाली वाकून कडेच्या खालच्या बाजूला पाहिलं, तर तिथेही चिकटलेले, चार बोटं उमटावीत तसे ओळीने. कोणीतरी ती कड मुठीत गच्च धरली होती आणि एकदाच नव्हे.

मी माझी चार बोटं खाली त्या खुणांवर ठेवली, अंगठा वर ठेवला आणि दाबलं.

पडदा काळा झाला. ह्या वेळी मी कोणाचंही नाव घेतलं नव्हतं.

मशीन पुन्हा सुरू होऊ दिलं आणि पुन्हा दाबलं. पुन्हा काळा. ते टेबल दोन फळ्यांचं होतं. मणचेकर टाइप करायचे ती डावी फळी घट्ट होती. सीपीयू ठेवलेली उजवी फळी सुटलेली होती आणि कड दाबली की मशीनसकट बोटभर कलत होती. मघाशी हुकूम वाचायला वाकलो तेव्हा माझं कोपर त्याच फळीवर टेकलं होतं. माझ्या दुकानातला ओटा सिमेंटचा, तिथे दोन दिवस काय, दोन वर्षं चालवलं असतं तरी काही झालं नसतं.

मशीन उघडलं. रॅमची, म्हणजे मशीनच्या स्मरणाची, पट्टी खाचेतून काढून उन्हात धरली. तिच्या सोनेरी दातांवर हिरवट बुरशीसारखा थर चढला होता. समुद्रकाठची खारी हवा इतकी वर्षं आत शिरत होती. पट्टी जेमतेम टेकून होती. जरा कलली की मशीन स्वतःचं सगळं विसरायचं आणि पहिल्यापासून सुरू व्हायचं. दुकानात एवढं फॉरमॅट मारत बसलो आणि ही पट्टी एकदा काढून बघायची बुद्धी मला झाली नव्हती! स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटली.

ह्या दुखण्याला आमच्याकडे एकच औषध असतं, खोडरबर. मणचेकरांच्या खणात शाईच्या पॅडशेजारी एक पांढरा, निम्मा झिजलेला तुकडा मिळाला. त्याने पट्टीचे दात घासले, आधी एका बाजूने, मग दुसऱ्या. रबरावर काळाहिरवा पट्टा आला आणि दात लखलखले. खाच साफ केली, पट्टी चाप लागेपर्यंत दाबून बसवली, पाकिटातला नवा सेल घातला. मग टेबलाच्या त्या कडेवर अंगाचा सगळा भार टाकला. फळी कलली, करकरली. पडदा जागचा हलला नाही.

खरं तर तेव्हा मी आनंदाने ओरडायला हवं होतं. पण मी ते खवले बघत बसलो. नाव वाचलं की म्हातारी टेबल धरत होती. बस्स, एवढंच. आता हे मी तिच्या सुनेपुढे सांगायचं का? की तुझं लग्न तुझ्या सासूचा हात अडवत होता म्हणून?

मणचेकरांना मी फक्त सांगितलं, "मीठ चढलं होतं काका." ते म्हणाले, "आणि त्याच नावाला?" तोवर मी बाहेर पडलो होतो.

पालशेतकरांचं घर धक्क्यामागच्या पाखाडीवर, दगडी पायऱ्यांच्या चढावर होतं. म्हातारी अंगणात मासळी वाळत घालत होती. रंजना पायरीवर बसली होती आणि तिच्या हातात मोबाईल होता.

"निरोप धाडलात का?" मी विचारलं.

"धाडतेय."

"थांबा. दोष सापडलाय. पट्टीवर मीठ चढलं होतं, खाऱ्या हवेने. घासून साफ केलंय."

"मग दुसऱ्या नावांना कसं चाललं?" तिने माझ्या डोळ्यांत बघून विचारलं. "लोकांची नावं घेतली ना त्याने? मग मीठ काय ह्यांच्याच नावावर बसलं होतं?"

मला खोटं बोलायची सवय नाही असं नाही. गिऱ्हाइकांशी रोज थोडंफार बोलतोच. पण ते एक खोटं फार जड गेलं. "योगायोग होता वहिनी," मी म्हणालो. म्हातारीचा हात मासळी टांगायच्या काठीवर थांबला होता. तिने मान वर केली नाही.

"योगायोग," रंजना म्हणाली. "तीनदा."

"रंजे," म्हातारी तशीच खाली बघत म्हणाली, "येवडा चालत आलाय तो. चल. शेवटचा बघू."

"परत बंद पडलं तर आये, मग मला जन्मात लग्नाचं विचारायचं नाही. कबूल?"

"कबूल," म्हातारी म्हणाली.

साडेचारला आम्ही सगळे पुन्हा त्या खोलीत होतो. मणचेकर तयार होईनात. मी त्यांच्या पाया पडायचा बाकी राहिलो, तेव्हा कुठे बसले. म्हातारी स्टुलावर. रंजना चौकटीत. ह्या वेळी मी मणचेकरांच्या मागे नाही, टेबलाच्या डाव्या अंगाला उभा राहिलो, पडदा आणि म्हातारीचा हात दोन्ही दिसतील असा.

"नोंद देणाऱ्याचे नाव, चांगुणाबाई बाबाजी पालशेतकर," मणचेकरांनी सुरुवात केली. आवाज चिरकत होता. "मयताशी नाते, आई."

हात मांडीवरून उठला.

"मयताचे नाव..."

चार बोटं कडेखाली गेली, अंगठा वर बसला.

"काशिनाथ बाबाजी पालशेतकर."

तिने दाबलं. नखं पांढरी पडली. फळी करकरली, सीपीयू बोटभर कलला. मणचेकर सवयीने थांबले, रंजनाने डोळे मिटून घेतले. पडदा तसाच होता, निळा, त्यावर पांढऱ्या अक्षरांत तिच्या मुलाचं नाव. म्हातारीने एकदा पडद्याकडे पाहिलं. मग खांद्यातून जोर लावून पुन्हा दाबलं. मनगटाची शीर तटतटून आली. पडद्यावर काहीही झालं नाही.

तिने नजर उचलली आणि सरळ माझ्याकडे पाहिलं.

मला दुसरीकडे बघता आलं नाही. मग तिचा हात सैल झाला आणि पुन्हा मांडीवर आला.

"वाचा फुडं, भाऊसाहेब," ती म्हणाली. "थांबलाव कशाला?"

"मृत्यूचे ठिकाण, समुद्र," मणचेकर घाईघाईने म्हणाले आणि त्यांनी बटण दाबलं. नोंद पक्की झाली. शाईचं पॅड पुढे केलं, म्हातारीने अंगठा बुडवला आणि कागदावर नीट, दाबून उमटवला. मागे प्रिंटर घरघरला. दारात रंजना मटकन खाली बसली आणि इतक्या मोठ्याने रडायला लागली की घरपट्टीच्या खोलीतले लोक धावत आले. नऊ वर्षांचं रडणं होतं ते. कोणी तिला गप्प करायला गेलं नाही.

दाखल्यावर सही-शिक्का व्हायला मुख्याधिकाऱ्यांच्या खोलीत जावं लागायचं. मणचेकर आणि रंजना तिकडे गेले. मी पाकीट आवरून व्हरांड्यात आलो, तर म्हातारी पायरीवर बसली होती. धक्क्याकडे होड्या परतत होत्या. तिने शेजारची पायरी हाताने झाडून दिली, म्हणून मी बसलो.

"रंजीला सांगितलास?" तिने विचारलं.

"काय?"

"खुळ्यासारखा करू नको. माज्या हाताचा."

"नाही सांगितलं आजी. आणि त्यात तुमचा काय दोष? नाव ऐकून कोणाचाही हात..."

"पयल्या दोन येळंला," ती म्हणाली. "देवाशपत, मला ठावूक नव्हता. नाव आयकला नि हात गेला. दुसऱ्या येळंला मला कळला. टेबल दाबला नि काळोख झाला, ता मला कळला." तिने नजर होड्यांकडे वळवली. "आज सकाळी मी मुद्दाम दाबला."

मी हातातलं पाकीट खाली ठेवलं.

"ह्या पोरीचा मीच ठरवलाय. मीच कोरटात गेलो. तिचा बरा व्हावा म्हनून रोज देवापुढं हात जोडलं. नि हात बग माजा. म्हटला, आजचा दिस राहूदे. आजच्या दिस मेला नको म्हनू. उद्याला बगू." तिने पदराने नाक पुसलं. "ती लगीन मोडाया निगाली तवा मीच म्हटला, चल, शेवटचा बघू. तरी मगाशी परत दाबलाच. तू बगितलास."

"बघितलं."

"कशान बरा केलास ता?"

मी खिशात हात घातला. मणचेकरांचा खोडरबर चुकून माझ्याच खिशात आला होता. तो तिच्या हातावर ठेवला. तिने तो उलटसुलट करून बघितला, त्यावरच्या काळ्या पट्ट्यावरून अंगठा फिरवला.

"येवड्याशान?"

"हो."

"येवड्याशान गेला माजा काशा," ती म्हणाली. रडली नाही. रबर माझ्या हातात परत दिला, मुठीवर हात ठेवून मूठ मिटली आणि गुडघ्यांवर जोर देऊन उठली. रंजना दाखला छातीशी धरून बाहेर येत होती. म्हातारीने तिच्या खांद्यावर हात टाकला आणि दोघी पाखाडीकडे चालू लागल्या. गुरुवारी लग्न झालं. मला बोलावणं होतं, मी गेलो नाही.

त्यानंतर मी शेकडो मशीनं उघडली असतील. फॉरमॅट मारण्याआधी आता पट्टी काढून बघतो आणि दुकानात खोडरबरांचा डबाच ठेवलाय. मणचेकरांना मी नवा रबर नेऊन दिला. त्यांचा जुना माझ्या गल्ल्यात मागे पडून आहे. एका बाजूला पट्टीचा काळाहिरवा डाग, आणि दुसऱ्या बाजूला निळ्या शाईत म्हातारीचा अंगठा. तिची शाई तेव्हा वाळलेली नव्हती.

तो रबर मी परत कशालाच वापरलेला नाही.